बोटभर पुढे

१

शिंप्याने सुई सोडून पाना हातात धरू नये म्हणतात. पण मास्तरांना हे सांगणार कोण? जो सांगायला गेला असता त्याच्या पोटाचा घेर मास्तरांनी चारचौघांत मोठ्याने सांगितला असता, आणि वर दोन इंच जास्तच.

शाळेचं तोंड त्यांनी चौथीनंतर पाहिलं नव्हतं, तरी कपडे शिवतात म्हणून सगळे मास्तर म्हणायचे. घराला चिकटून एक लांबट खोली, तिच्यात गाडी. गाडीचं तोंड भिंतीकडे, पाठ दाराकडे. आणि खरी गंमत पुढे आहे. मास्तरांना गाडी चालवताच येत नव्हती! गाडी मास्तरीणबाईंची. शिवलेल्या कपड्यांचे गठ्ठे मागे टाकायचे आणि गिऱ्हाइकांच्या दारोदार भुर्रकन जायचं, हे काम तिचं. गाडी बिघडली की खोलायची, हे काम यांचं. मास्तर म्हणायचे, "जेवते ती, भांडी मी घासतो."

अकरा महिन्यांपूर्वी बाईंना ताप आला आणि आठ दिवसांत सगळं आटोपलं. गाडी तिथेच उभी राहिली. आता लेकीला दुसऱ्या गावी नोकरी लागली होती. आज पाच वाजता ती येणार आणि आईची गाडी घेऊन जाणार. मास्तर हो म्हणाले होते. हो म्हटल्यावर तीन रात्री पडल्या पडल्या आढं मोजत होते. कपडे वाटून टाकले होते, चपला दिल्या होत्या. आता गाडी गेली की तिच्या मागचं हलणारं असं घरात काही उरणार नव्हतं.

पण गाडी धड करून द्यायला हवी. वेग घेतला की इंजिन ठेचकाळायचं. गॅरेजवाला कान लावून म्हणाला होता, "मास्तर, वॉल्व्हच्या स्प्रिंगा थकल्यात. झाकण मिटायचं तेव्हा मिटत नाही. इंजिनाचं अख्खं हेड उतरवावं लागेल."

"हेड तुझं उतरव," मास्तर म्हणाले. "मी नाडा घालतो."

खरंच नाडा घालायचा. वॉल्व्ह म्हणजे इंजिनातली छोटी झाकणं, त्यांना वर ओढून धरते ती स्प्रिंग. स्प्रिंग काढली की झाकण सुटतं आणि आत पडतं. मग बसा रडत. म्हणून काय करायचं, प्लगच्या भोकातून जाड सुती दोरी आत सोडायची, लेंग्यात नाडा ओवतात तशी. मग गाडी टॉपच्या गिअरमध्ये ठेवून जराशी पुढे ढकलायची. चाक फिरलं की पिस्टन वर येतो, दोरी दाबली जाते आणि दोरी झाकणाला खालून टेकू देते. आता खुशाल स्प्रिंग बदला. चार सिलिंडर, आठ स्प्रिंगा.

हे दोन माणसांचं काम. यांनी ते पूर्वी दोनदा केलं होतं, आणि किरकोळ दुरुस्तीसाठी अशी ढकलाढकली तर दर वर्षी. बाई ड्रायव्हरचं दार उघडून बाहेर उभी राहायची, दाराच्या खांबाला खांदा लावायची आणि ढकलायची. मास्तर पुढे, बंपर आणि भिंत यांच्या मधे. बॉनेट वर उघडलेलं, त्यामुळे एकमेकांचं तोंड दिसायचं नाही, फक्त आवाज. मास्तर म्हणायचे, "जरा... बोटभर पुढे." गाडी यायची ती थेट यांच्या गुडघ्यावर. "अगं, बोट सांगितलं!" "अहो, मग तुमचं बोट जाड आहे!" पलीकडून खिदळणं. मग मास्तर गुडघ्याने गाडी मागे रेटायचे. पुढे तिने आणायची, मागे यांनी न्यायची. संसारही तसाच झाला होता म्हणा.

२

जेवण उरकून मास्तर एकटेच कामाला लागले. गळ्यात टेप, कानावर खडू, शिलाईला बसल्यासारखे. भिंतीपासून बंपर मोजला, चोपन्न इंच. खोलीच्या फरशीला दाराकडे उतार होता, धुतल्यावर पाणी बाहेर जावं म्हणून. तेव्हा मागच्या चाकाला वीट लावली. हँडब्रेक सोडला, टॉप गिअर टाकला, चारही प्लग काढले, वरचं झाकण उघडलं. पहिल्या भोकात लोकर विणायची सुई उभी धरली. पिस्टन वर आला की सुई वर येते, खाली गेला की खाली. तेवढंच मापयंत्र.

मग सुरू झाली कसरत. दाराशी जायचं, ढकलायचं, पळत पुढे यायचं, सुई बघायची. जास्त झालं. गुडघ्याने मागे. पुन्हा दाराशी. तिसऱ्या फेरीला मास्तर धापा टाकत स्वतःलाच म्हणाले, "मास्तर, या वयात फेरे घेताय, तेही एकटेच."

अखेर पिस्टन खाली आला. मास्तरांनी नाडा ओवला, हातभर आत गेला. टोक बाहेर ठेवून गाठ मारली. आता गाडी पुढे हवी होती, दोरी घट्ट बसेपर्यंत. हात तेलाने बरबटलेले, कंबर वाकलेली. आणि तोंडातून निघून गेलं. सवयच ती.

"जरा. चार बोटं पुढे."

गाडी आली.

हळूच आली. टायर फरशीला चिकटलेला सुटतो तेव्हा चर्र होतं, तसं झालं. दोरी करकचली आणि गाडी थांबली. चार बोटं.

मास्तर होते तिथेच वाकून राहिले. मग चेहऱ्यावर हसू आणून म्हणाले, "कोण आहे रे? चहा पाहिजे तर सरळ माग."

कोणी नव्हतं. मास्तर बॉनेटला वळसा घालून पलीकडे गेले. ड्रायव्हरचं दार उघडं होतं, पण ते त्यांनीच ठेवलं होतं. खोलीचं दार उघडं, बाहेर ऊन, रस्त्यावर एक कुत्रं झोपलेलं. मग उतारावर गाडी वर कशी आली? आधीच ढकलल्याचा जोर उरला असेल. चाकांत हवा जास्त असेल. मास्तरांनी स्वतःला दोन-तीन कारणं दिली आणि गिऱ्हाइकाने पसंत करावं तसं त्यातलं एक घेतलं.

तेवढ्यात नजर विटेवर गेली. मघाच्या फेऱ्यांत वीतभर मागे राहिलेली वीट पुढे सरकली होती. चाकाला टेकवलेली नव्हती, मधे फट होती. मास्तरांनी टेप लावला. चार बोटं. दोरी सोडवायला गाडी जितकी मागे घ्यावी लागते, बरोबर तितकी.

बाई वीट पायाने लाथाडायची. कधी चाकाखाली, कधी दारात, एकदा मास्तरांच्या अंगठ्यावर. मोजून ती आयुष्यात कधी ठेवली नव्हती.

"मीच सरकवली असेन," मास्तर म्हणाले, आणि पुढे येऊन स्प्रिंगला हत्यार लावलं.

३

हे काम फार नाजूक बरं का. स्प्रिंग दाबून धरायची, तिच्या डोक्यात लॉकचे दोन इवलेसे तुकडे असतात, ते लोहचुंबकाने उचलायचे. शर्टाच्या बटणाहून लहान. उडाले की शोधा जन्मभर. मास्तरांचे हात शिंप्याचे, त्यांना ते जमत होतं. जुनी स्प्रिंग निघाली, नवी बसली. जुनी नवीच्या शेजारी ठेवली तर बोटाच्या पेराएवढी आखूड. "दबून दबून तुझी उंची गेली बाई," मास्तर तिला म्हणाले.

पहिल्या सिलिंडरच्या दोन्ही झाल्या. गुडघ्याने गाडी मागे रेटली, विटेला टेकली, दोरी सैल झाली. नाडा ओढून काढला, दुसऱ्या भोकात ओवला. आता पुढे हवी होती एक वीत.

मास्तरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. बोलायची लाज वाटली. त्यापेक्षा जास्त भीती वाटली. भीती कसली, तर गाडी हलली नाही तर काय, याची.

"काय रे मास्तर, इंजिनाचं बाळंतपण का?" शेजारचा सलूनवाला दारात उभा. दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्याची जीभ कात्रीसारखी मोकळी चालायची.

"बरा आलास. ढकल बघू जरा."

सलूनवाला दाराशी गेला, खांबाला खांदा लावला. त्याचा ऊं ऊं आवाज आला. गाडी ढिम्म.

"हँडब्रेक काढ की!"

"काढलाय."

"मग भिंतीला खिळा मारून ठेवलीयस काय?" त्याने पुन्हा जोर लावला. चाक दोराभरही हललं नाही. तो कपाळ पुसत बाजूला झाला. "वहिनी कशी ढकलत होती रे? तिने ढकलली की तुझी बोंब माझ्या दुकानात ऐकू यायची. मी गिऱ्हाइकाला म्हणायचो, मान हलवू नका, मास्तरांचा गुडघा गेला."

मास्तर हसले. हसताना डोळ्यांत पाणी आलं ते बॉनेटआड राहिलं.

"जातो बाबा. माझी कंबर गेली तर लोकांच्या दाढ्या कोण करणार?"

तो गेला. त्याच्या चपला लांब जाईपर्यंत मास्तर थांबले. मग अगदी हळू, कानात सांगावं तसं म्हणाले, "जरा... वीतभर."

दाराची बिजागरी कुरकुरली. माणसाने खांबाला अंग टेकलं की कुरकुरते तेवढीच. आणि गाडी आली.

४

आता बॉनेटच्या पलीकडे जायला काही अडचण होती का? चार पावलं होती. मास्तर गेले नाहीत. पहिल्या वेळी गेले तेव्हा कोणी नव्हतं. पुन्हा गेलो आणि पुन्हा कोणी नसलं तर? बॉनेट वर आहे तोवर पलीकडे कोणीतरी आहे. मास्तरांना तेवढं पुरत होतं.

मग गप्पा सुरू झाल्या. बोलायचे मास्तरच. लेकीची नोकरी सांगितली. कोपऱ्यावरच्या म्हातारीने तिच्या पाटलोणीला खिसे मागितले ते सांगितलं. "तू असतीस तर म्हणाली असतीस, खिशात ठेवणार काय, दात?" इथे ते थांबले. इथे ती खिदळली असती.

पलीकडून काही आलं नाही. फक्त तिथली शांतता जवळची होती. रिकाम्या खोलीची शांतता वेगळी आणि कोणी ऐकत उभं असल्याची वेगळी. शिंप्याला हे कळतं. माप घेताना गिऱ्हाईक श्वास धरून उभं राहतं, तशी ती होती.

तिसरं सिलिंडर, मग चौथं. "दोन बोटं." दोन बोटं. "अजून अर्धं." अर्धं. मास्तरांच्या अंगात खोडी जागी झाली. म्हणाले, "दोन सूत पुढे." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बाईंना सूत कधी कळलं नाही. ती म्हणायची, सूत असतं रिळाला.

गाडी दोन सूत आली. मास्तरांनी खडूने खूण केली होती, टेप लावला. पाव इंच. केसाचा फरक नाही.

मास्तरांनी टेपवरचं तेल पुसून परत मापलं. पावच.

त्यांनी पुन्हा बघितलं. "एक बोट," म्हणाले, आणि दर वेळी म्हणायचे ते "बस्स" या वेळी म्हणालेच नाहीत. गाडी एक बोट आली आणि आपली आपण थांबली.

चाळीस वर्षांत ती एकदाही आपली आपण थांबली नव्हती. तिला थांबवायला ओरडावं लागायचं, शिव्या घालाव्या लागायच्या, बंपर धरून उलटं लोंबावं लागायचं. मास्तर त्या तापलेल्या, तेलाच्या वासाच्या, ओळखीच्या खोलीत उभे होते. बंपर त्यांच्यापासून हातभरावर आला होता. त्यांना स्वच्छ कळलं, शिवण बघून कोणाच्या हातची ते कळावं तसं, की ही ढकलण्याची तऱ्हा तिची नाही.

आणि कळूनही पाय तिथून निघेनात.

५

साडेचारला आठवी स्प्रिंग बसली. लॉकचे दोन्ही तुकडे आपापल्या जागी गेले. मास्तरांनी नाडा काढून गुंडाळून ठेवला. फोन वाजला.

"बाबा, बसमधून उतरले. पंधरा मिनिटांत येते. झाली का गाडी?"

"झाली."

"आवाज का असा? दमलात का?"

"स्प्रिंग बदलली, आवाज तसाच राहिला," मास्तर म्हणाले. ती हसली. हसणं आईचं होतं. फोन बंद झाला.

काम संपलं होतं. आता वरचं झाकण लावायचं, प्लग बसवायचे, बॉनेट पाडायचं. बॉनेट पाडलं की काच, काचेमागे सीट आणि सीटच्या बाजूला दार. पंधरा मिनिटं.

मास्तरांनी बंपर मोजला, खाली खडूची नवी खूण केली. भिंतीपासून अठरा इंच.

"आता पुढे यायचं काही कारण नाही," ते म्हणाले. "काम झालंय. उगाच सांगतोय." हात बॉनेटच्या कडेवर ठेवून उभे राहिले. "तू ती नाहीस. मला कळतंय. शिंप्याला माप कळतं. पण एकदा चूक की. एकदाच. मी बोट म्हणतो, आणि तू... तू तिच्यासारखं कर. मग मी काही विचारणार नाही."

रस्त्यावर सायकलची घंटी वाजली आणि गेली.

"बोटभर पुढे," मास्तर म्हणाले.

बिजागरी कुरकुरली. गाडी आली. बोट झालं, दोन झाली, थांबलीच नाही. बंपर गुडघ्याला लागला, पाठ भिंतीला टेकली आणि मास्तर आनंदाने ओरडले, "अगं, बोट सांगितलं! बोट!"

गाडी थांबली.

मास्तर हसत होते, रडत होते, दोन्ही बाह्यांनी नाक पुसत होते. तीच. तीच ही. मग त्यांचे हात आपोआप गळ्याकडे गेले. सवय वाईट. टेप खाली सोडला आणि खडूच्या खुणेपासून मोजलं.

साडेनऊ इंच.

बाईची वीत आठाची. हातमोजे शिवताना त्यांनीच मोजली होती. साडेनऊची वीत कोणाची, ते मास्तरांनी आपला पंजा टेपवर पसरून बघितलं. बघायची गरज नव्हती.

चूकसुद्धा मापात केली होती. मास्तरांच्या मापात.

वाकले होते ते तसेच राहिले. आणि त्या वाकण्यात, बॉनेटची मागची कड आणि काच यांच्या मधल्या फटीतून, नको असताना पलीकडचं दिसलं. चार बोटांची फट. काच, काचेच्या कोपऱ्यात दाराचा खांब. खांबावर एक हात पसरलेला.

हात तिचा होता. मनगटापाशी निळी बाही. ती बाही त्यांनी तिच्या तापाच्या पाचव्या दिवशी शिवायला घेतली होती, बरी झाली की घालायला. शिवून झाली नाही. वरच्या खोलीत कपाटात घडी करून ठेवलेली, बाहीवर पांढरा कच्चा टाका तसाच. इथेही तो तसाच होता, लांब लांब, मास्तरांच्या हातचा. आणि बाहीच्या वर, जिथे खांदा जोडायचा राहून गेला होता, तिथे...

मास्तरांनी डोळे मिटले.

६

"बाबा!"

लेक खोलीच्या दारात. "अहो, हे काय? भिंतीत चिणून घेतलंय स्वतःला!"

"तिथेच थांब," मास्तर म्हणाले.

"मागे ओढते थांबा. की ढकलायचंय? आई उभी राहायची तशी राहू?" ती दोन पावलं आत आली. "दार कशाला सताड उघडं ठेवलंय?"

"हात लावू नकोस!"

असे ते तिच्यावर तिच्या लहानपणीही ओरडले नव्हते. ती थबकली. ती ड्रायव्हरच्या दारापासून हातभरावर होती. मास्तरांना तिच्या चपलांवरून कळत होतं. तिला तिथे काही दिसत नव्हतं, नाहीतर ती बोलली असती.

"बाबा, काय झालंय?"

"काही नाही. तेल सांडलंय, घसरशील." मास्तरांनी काचेकडे बघायचं टाळलं. "ऐक. इंजिनात तेल कमी आहे. कोपऱ्यापलीकडच्या दुकानातून दोन डबे आण. नाहीतर रस्त्यात बसशील रडत."

"आत्ता? तुम्ही आधी बाहेर तरी या."

"येतो गं. माझं मी येतो. चाळीस वर्षं आलोय."

ती मऊ आवाजात म्हणाली, "बाबा, ही नेणं नको वाटतंय का तुम्हाला? सरळ सांगा. मी बसने जाईन. रागावणार नाही."

मास्तरांना सांगावंसं वाटलं. काय सांगणार? गाडी तिला द्यायची तर ती एकटी, लांबचा रस्ता, दार उघडून त्या सीटवर बसणार. न द्यायची तर का नाही, ते सांगायला हवं. आणि सगळ्याच्या तळाशी एक गोष्ट होती, ती त्यांना स्वतःलाही सांगवत नव्हती. खांद्यापाशी काय होतं ते बघूनही त्यांना हा हात घालवायचा नव्हता. आपल्या मापात चुकणारा का होईना.

"तू तेल आण," ते म्हणाले. "मग ठरवू."

चपला गेल्या. फाटकाची कडी वाजली.

गुडघ्याने रेटून गाडी मागे न्यायला आता वेळ होता. मागे नेणं मास्तरांचं काम. मास्तरांनी गुडघा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. भिंत पाठीला गार लागत होती. भिंत आणि बंपर यांच्या मधे साडेआठ इंच उरले होते, आणि त्यात ते.

ते विचार करत होते. बोट म्हटलं तर बोट. सूत म्हटलं तर सूत. चूक म्हटलं तर माझीच वीत. याला मी सांगतो तेवढंच येतं. मग सांगितलंच नाही तर? मापच दिलं नाही तर याला स्वतःचं काहीतरी करावं लागेल. तेव्हा कळेल, आत कुठे तरी ती आहे की नाही. ती असली तर गाडी नक्की थांबवील. ओरडल्यावर का होईना, थांबवील. खिदळेल.

आणि नसली तर लेक दहा मिनिटांत येईल.

मास्तरांनी गळ्यातला टेप काढला आणि बॅटरीवर ठेवून दिला. दोन्ही हात बंपरवर टेकले, धरायला नव्हे, नुसते.

"जरा," ते म्हणाले.

किती, ते सांगितलं नाही.

पलीकडे बिजागरी कुरकुरली.